तिसऱ्या तारेचं दुखणं

इलेक्ट्रिक गिटार सुरात राहत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा एकाच तारेपाशी येऊन थांबते. ती तिसरी तार, वादक जिला ‘जी’ म्हणतात. सोलो रंगात आला, बोटाने तार ओढून मींड घेतली, की परतताना जी खाली उतरलेली असते. वादक खुंटीला दोष देतो, महागडा संच आणून बसवतो आणि पुढच्या कार्यक्रमात जी पुन्हा उतरते.

खुंटी बिचारी निर्दोष असते. तिच्या पोटात मळसूत्राचा दांडा आणि दातेरी चाक असतं. दांडा चाकाला फिरवतो, पण चाकाला दांडा फिरवता येत नाही, त्यामुळे तारेने कितीही ओढलं तरी धडधाकट खुंटी मागे येत नाही. तार दुसरीकडेच अडकत किंवा सरकत असते. सरकणं केसाएवढं असलं, तरी जी का बोंबलते आणि बाकीच्या का नाही, हे थोड्या गणिताने उलगडतं.

फेंडरच्या गिटारवर नटापासून ब्रिजपर्यंतची लांबी 648 मिलिमीटर. सुरात आणताना पहिली बारीक तार सुमारे साडेचार मिलिमीटर ताणली जाते. साधी, वेटोळं नसलेली जी मात्र जेमतेम दीड मिलिमीटर. तार जाड घ्या की बारीक, पोलादाच्या साध्या तारेचं हे प्रमाण बदलत नाही. आता दोघींची पकड 0.1 मिलिमीटरने सैल झाली असं धरा. पहिली तार अर्धस्वराच्या पाचव्या हिश्श्याएवढी उतरेल, जी मात्र जवळजवळ निम्म्या अर्धस्वराने. जिच्याजवळ ताणाची शिल्लक कमी, तिला छोटासा तोटाही मोठा.

सरकण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे नट. तानपुऱ्यात जे काम अटी करते, तेच इथे नट करतो. त्याची खाच अरुंद असेल, तिच्यात मळ साचला असेल, तर ओढलेली तार परत जाताना तिथेच अडते. गिब्सन पद्धतीच्या गिटारमध्ये डोकं मागे झुकलेलं असतं आणि खुंट्या तीन-तीन अशा दोन बाजूंना. मधल्या तारा नटातून बाहेर पडताच बाजूला वळतात, म्हणून तिथे जीचे हाल जास्त. फेंडरच्या सरळ डोक्यावर हा आडवा वळसा नसतो.

परीक्षा सोपी आहे. जी सुरात लावा, जोरात मींड घेऊन सोडा. ती उतरली, तर नट आणि खुंटी यांच्यामधला तारेचा भाग बोटाने क्षणभर दाबून सोडा. सूर जागेवर आला तर गुन्हेगार नटच. खुंटी फिरवताना ‘टक्’ आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो, ती त्याचीच दुसरी खूण. तारेच्या जाडीची बारीक कानस खाचेतून हलकेच फिरवायची, खाच खोल करायची नाही, आणि साध्या पेन्सिलीचं शिसं घासायचं. नव्या खुंट्यांच्या संचाआधी हे करून पाहावं, असं माझं ठाम मत आहे. दाबूनही सूर परतला नाही, तर खुंटीवरचे वेढे पाहावेत. पातळ तारेला दोन-तीन वेढे पुरतात; एकावर एक चढलेला गुंता हळूहळू बसत जातो आणि सूर उतरवतो. तार नेहमी खालून वर चढवत लावावी, म्हणजे गिअरमधली ढिलाई आणि नटातला घर्षणाचा हिशेब दोन्ही आधीच चुकते होतात.

दांडा हलवून सूर डोलवणारा ट्रेमोलो आला की हा त्रास दुप्पट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर यांनी 1954 साली स्ट्रॅटोकास्टरवर तो आणला. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा, आणि मध्ये तोल सांभाळणारा ब्रिज. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्लॉइड रोज यांनी दोन्ही टोकांना तारा चिमट्यात पकडून घर्षणाचा प्रश्नच मोडीत काढला.

आपल्या शहराची, छत्रपती संभाजीनगरची, हवाही या सगळ्यात हात घालते. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी भीमगीतं होतात ती भर थंडीत. खोलीतून उघड्या मंचावर आणलेली गिटार थंडीने चढते, दिव्यांखाली तापून उतरते, आणि पहिली बदलते ती जीच. दहा अंशांच्या फरकाने पोलाद जितकं वाढतं त्यामानाने लाकूड लांबीत फार कमी वाढतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना बोचतात. पावसाळ्यात मान फुगते, वाकते. म्हणून मंचावर पोचल्यावर गिटार हवेला सरावू द्यावी, आणि मगच सूर लावावा.

तार स्थिर राहण्याची गरज इथे नवी नाही. शहरापासून जवळच्या देवगिरीत, सिंघण यादवाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. बावीस श्रुती दाखवण्यासाठी त्याने प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा घेतल्या. एकीच्या तारा टप्प्याटप्प्याने उतरवायच्या आणि दुसरीशी, ध्रुववीणेशी, ताडून पाहायचं. ध्रुववीणा तसूभर हलली असती तर सगळा प्रयोग फसला असता. मिरजेचे कारागीर आजही तेच जपतात: खुंटी भोकात घट्ट बसावी म्हणून तिला खडू लावतात, आणि बारीक फरकासाठी मणी सरकवतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाची एक अडचण मात्र कुठल्याही कानशीने सुटत नाही. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार गिटारच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याने. असा कान ई कॉर्डमधला गंधार शुद्ध करायला जीला थोडं उतरवतो, आणि लगेच डी कॉर्डमध्ये तिचा पंचम रडतो. मग पुन्हा चढव, पुन्हा उतरव. फ्रेट पक्के बसवलेले आहेत, बारा अर्धस्वर सारखे वाटलेले आहेत. तिथे एका कॉर्डसाठी केलेला न्याय दुसरीवर अन्याय ठरतो. अशा वेळी मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर लावाव्यात आणि कॉर्डच्या गोडव्यासाठी एकीलाही हात लावू नये.