शिक्षकांचा संगणक – भाग ९ : गणिताचा पेपर, माऊसला हात न लावता

गेल्या आठवड्यात प्रश्नपत्रिकेतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा घ्यायचा ते पाहिलं. आता गणिताचा पेपर. सातारा असो की सांगली, घटक चाचणीचा पेपर बऱ्याचदा विषयशिक्षकच टाईप करतात आणि गाडी अडते ती अपूर्णांकापाशी. मग कुणी पुस्तकातल्या गणिताचा मोबाईलवर फोटो काढून चिकटवतं, कुणी हाताने रेघ ओढून वर-खाली आकडे सरकवत बसतं. तेवढ्यापुरता पेपर निघतो. पण ‘ब’ संचासाठी ३ चा ७ करायचा म्हटलं की पुन्हा सगळा खटाटोप.

वर्डमध्ये विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून आधी कीबोर्ड इंग्रजी करा. हे विसरू नकाच. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असेल तर घाताच्या ^ ऐवजी त्र उमटतो, / च्या जागी य येतो आणि \ ऐवजी ॉ. गणिताला लागणाऱ्या तीनही कळा मराठीने व्यापलेल्या आहेत.

मग ऑल्ट आणि = दाबा. समीकरणाची चौकट उघडेल. नववीच्या वास्तव संख्यांमधलं छेदाच्या परिमेयीकरणाचं उदाहरण घेऊ : (५+√३)/(५-√३). हे असंच एका ओळीत लिहायचं. √ साठी \ देऊन पुढे एसक्यूआरटी ही चार इंग्रजी अक्षरं आणि स्पेस. शेवटचा कंस बंद करून स्पेस दिली की अंश वर, छेद खाली बसतो आणि बाहेरचे कंस आपोआप जातात. कंसच दिले नाहीत, तर फक्त √३/५ एवढाच अपूर्णांक होईल, बाकीचे आकडे बाजूला राहतील. मुलांना आपण कंसाचं महत्त्व सांगतो. इथे यंत्र तेच तंतोतंत पाळतं.

ही एसक्यूआरटीची पद्धत मूळची डोनाल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ प्रणालीतली. स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून ते इतके नाराज झाले, की १९७७ मध्ये गणित नीट जुळवणारी प्रणाली स्वतःच लिहायला बसले. विज्ञान-अभियांत्रिकीचे शोधनिबंध आज मोठ्या प्रमाणावर तिच्यावरच उभ्या राहिलेल्या लाटेकमध्ये लिहिले जातात.

दुरुस्ती बाणांच्या कळांनी करायची. उजवा बाण दाबत गेलात की कर्सर अंशातून छेदात, छेदातून मुळाच्या आत शिरतो. तिथे बॅकस्पेस, ३ जाऊन ७. मांडणीच फिसकटली असेल तर समीकरणाच्या टॅबमधला ‘लिनिअर’ पर्याय निवडा. पुन्हा सरळ ओळ होते, कंस कुठे चुकला ते दिसतं.

जुन्या पेपरांचं मात्र वेगळं. वर्डचा पूर्वीचा ‘इक्वेशन एडिटर’ सुरक्षेतल्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यात केलेली समीकरणं वर्डमध्ये दिसतात, छापतात, पण मॅथटाईपसारखं वेगळं सॉफ्टवेअर नसेल तर आहे त्या रूपात थेट बदलता येत नाहीत. संग्रहातला असा एखादा पेपर पुन्हा वापरायचा असेल, तर त्यातली समीकरणं वरच्या रीतीने नव्याने टाईप करून घ्या.