दुरुस्तीचा हक्क

मनुष्याने पहिले हत्यार घडविले, तेव्हाच ते बोथट झाल्यावर पुन्हा परजण्याची विद्याही त्याला शिकावी लागली असेल. घडविणे आणि दुरुस्त करणे ही एकाच कौशल्याची दोन अंगे होत. आपल्या खेड्यांतील जुना व्यवहार पाहिला म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानात येते. लोहार नवा फाळ घडवून देई, तसा झिजलेला फाळ शेवटूनही देई. सुतार नवी गाडी बांधी, तसाच मोडलेल्या चाकाला नवा आरा बसवी. भांड्यांना कल्हई होई, जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावली जाई, आणि जीर्ण लुगड्यांची गोधडी होऊन ती आणखी कित्येक हिवाळे ऊब देई. वस्तू ज्याच्या घरी असे, तो तिचा पुरता धनी असे. ती कोणाकडून, केव्हा आणि कशी नीट करून घ्यावयाची, हे त्याचे त्याने ठरवावयाचे. त्यासाठी कोणाची अनुज्ञा मागण्याचे त्याला कारण नसे.

आज आपल्या घरांत आणि शेतांत पूर्वी कधी नव्हती अशी यंत्रे आली आहेत. मोबाइल फोन, संगणक, कपडे धुण्याचे यंत्र, मोटार, ट्रॅक्टर ह्यांनी आपले कितीतरी कष्ट हलके केले आहेत. परंतु ह्या यंत्रांबरोबर एक नवा प्रश्नही आला आहे. पुरते दाम मोजून आणलेली वस्तू बिघडली, तर ती उघडण्याचा, तिचा भाग बदलण्याचा किंवा ओळखीच्या कारागिराकडून ती नीट करून घेण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे, की बनविणाऱ्यालाच आहे? ह्या प्रश्नावर जगातील अनेक देशांत वाद चालू आहे. त्यालाच ‘दुरुस्तीच्या हक्काचा वाद’ असे म्हणतात.

ह्या वादाचे मूळ विजेच्या दिव्यापर्यंत जाऊन पोहोचते. 1924 साली युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या दिवे बनविणाऱ्या कारखानदारांनी जिनिव्हा येथे एक संघ स्थापन केला. त्याचे नाव ‘फीबस’. त्या काळचे पुष्कळ दिवे दीड ते दोन हजार तास जळत. संघाने असे ठरविले की, दिव्याचे आयुष्य एक हजार तासांचे असावे. आणि ज्या कारखान्याचे दिवे त्याहून अधिक काळ टिकतील, त्याला दंड भरावा लागेल. उत्तम माल केला म्हणून कारखान्याला शिक्षा व्हावी, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. परंतु ह्याला दुसरी बाजूही आहे. दिव्यातील तार मंद तापविली तर ती दीर्घकाळ टिकते खरी. पण मग त्याच विजेत प्रकाश कमी मिळतो. आयुष्य आणि उजेड ह्यांत काही तडजोड करावीच लागते. असे असले, तरी ती तडजोड कोणती असावी हे ठरविताना ग्राहकाला कोणी विचारले नव्हते. दिवे वारंवार जावेत आणि ते वारंवार विकले जावेत, हा लाभ संघाच्या दृष्टीआड नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हा संघ मोडला. त्यामागचा विचार मात्र मोडला नाही.

1932 साली, अमेरिकेत भीषण मंदी असताना, बर्नार्ड लंडन नावाच्या गृहस्थाने एक पुस्तिका लिहिली. प्रत्येक वस्तूचे आयुष्य सरकारने ठरवून द्यावे आणि ते संपताच ती मोडीत काढावी, म्हणजे कारखाने चालू राहतील व बेकारांना काम मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याची योजना कोणी अमलात आणली नाही. तथापि वस्तू झिजण्यापूर्वीच ती निकामी ठरविण्याच्या युक्तीला त्याने वापरलेले नाव जगभर रूढ झाले. आपण तिला ‘लादलेली जीर्णता’ म्हणू.

ही जीर्णता आज तीन वाटांनी येते. पहिली वाट रचनेची. फोनची बॅटरी गोंदाने अशी चिकटविलेली असते की, ती काढू जाता काच फुटावी. किंवा नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने न निघणारे स्क्रू वापरलेले असतात. दुसरी वाट सुट्या भागांची. भाग बाजारात मिळूच द्यावयाचे नाहीत, किंवा त्यांची किंमत इतकी ठेवावयाची की, नवी वस्तू घेणेच परवडावे. तिसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. ती सॉफ्टवेअरची, म्हणजे यंत्राला चालविणाऱ्या आज्ञावलीची. काही यंत्रांत प्रत्येक भागाचा क्रमांक आज्ञावलीत नोंदलेला असतो. तुम्ही अस्सल भाग आणून नीट बसविला, तरी कंपनीने तो क्रमांक मान्य करीपर्यंत यंत्र त्याला ओळखत नाही. घरात आलेल्या पाहुण्याला घरधन्याने ‘या’ म्हणावे आणि दाराच्या कुलपाने मात्र ‘नाही’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

ह्या तिसऱ्या वाटेचा चटका अमेरिकेतील शेतकऱ्यांना बसला. तेथील मोठे ट्रॅक्टर व कापणीयंत्रे संगणकावर चालतात. एखाद्या भागात दोष आढळला की, आज्ञावली इंजिनाचा जोर कमी करते किंवा यंत्र थांबविते. शेतकऱ्याने बिघडलेला भाग स्वतः बदलला, तरी दोषाची नोंद पुसण्याचे साधन बहुधा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच असते. पीक उभे आहे, आभाळ भरून आले आहे आणि कारागीर दुसऱ्या गावी गुंतला आहे, अशा वेळी एक दिवसाचा विलंब किती महाग पडतो, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावयास नको. 2015 साली जॉन डिअर ह्या ट्रॅक्टर बनविणाऱ्या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे असे प्रतिपादन केले की, ग्राहकाला ट्रॅक्टरमधील आज्ञावलीची मालकी मिळत नाही, ती वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. ट्रॅक्टर तुमचा, पण त्याची बुद्धी आमची, असाच ह्याचा अर्थ झाला. त्याच वर्षी त्या देशात, दुरुस्तीपुरते हे अडसर दूर करण्याची सवलत शेतकऱ्यांना कायद्याने मिळाली. पुढे 2023 साली कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला.

आज्ञावलीत वेळोवेळी सुधारणा होत असतात. त्या आवश्यकही असतात. त्यांच्यामुळे दोष दूर होतात आणि चोरट्यांना यंत्रात शिरता येत नाही. परंतु सुधारणा ही दुधारी तलवार आहे, हे 2017 सालच्या एका घटनेने दाखवून दिले. जुने आयफोन मंदावल्याची तक्रार अनेकांनी केली होती. बॅटरी बदलताच फोन पूर्ववत वेगाने चालू लागतो, असे काहींनी प्रयोग करून दाखविले. तेव्हा डिसेंबर महिन्यात अ‍ॅपल कंपनीने मान्य केले की, नव्या सुधारणेद्वारे जुन्या बॅटरीच्या फोनांची गती आपण कमी केली आहे. ह्यामागे शास्त्रीय कारण होते. लिथियमची बॅटरी जसजशी जुनी होते, तसतसा तिच्यातील अंतर्गत विरोध वाढतो. एकाएकी अधिक वीज लागली की तिचा दाब घसरतो आणि फोन बंद पडतो. तसे होऊ नये म्हणून गती कमी केली, असे कंपनीचे म्हणणे होते. मग दोष कोठे होता? ही गोष्ट ग्राहकाला सांगितली नाही, ह्यात. थोड्या खर्चात बॅटरी बदलून काम भागेल हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याने फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेतला असेल. 2020 साली फ्रान्सने ह्याच कारणासाठी कंपनीला अडीच कोटी युरो दंड केला.

सुधारणा बंद करण्यानेही चांगले यंत्र जीर्ण होते. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ह्या आज्ञावलीचा नेहमीचा आधार थांबविला. तिच्यानंतरची विंडोज 11 ही आज्ञावली अनेक जुन्या संगणकांवर चालत नाही, कारण तिला लागणारे सुरक्षेचे भाग त्यांत नाहीत. अशा संगणकाचा पडदा स्वच्छ आहे, कळा नीट चालतात, कोठेही काही मोडलेले नाही. तरी त्याला दुसरी आज्ञावली मिळाली नाही, तर तो अडगळीत जावयाचा.

बनविणाऱ्यांची बाजू अगदीच निराधार आहे, असे मात्र समजू नये. ते म्हणतात की, लिथियमच्या बॅटरीला चुकीचा धक्का लागला तर ती पेट घेते. अननुभवी हातांत यंत्र गेले तर अपघात होईल. कोणी इंजिनाच्या आज्ञावलीत ढवळाढवळ केली, तर ते अधिक धूर ओकेल. आमची व्यापारी गुपिते उघडी पडतील. गोंद आम्ही लावतो तो फोन पातळ व्हावा आणि पाण्यापासून वाचावा म्हणून. ह्या आक्षेपांत तथ्यांश आहे. परंतु धोका आहे म्हणून विद्या कोंडून ठेवावयाची, की नीट माहिती व योग्य साधने देऊन तो टाळावयाचा? अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने ह्या प्रश्नाचा अभ्यास करून 2021 साली अहवाल दिला. दुरुस्तीवरील निर्बंधांच्या समर्थनार्थ दिलेल्या कारणांना फारच थोडा पुरावा आढळतो, असे त्यात म्हटले आहे.

युरोपातील देशांनी ह्या बाबतीत बरीच मजल मारली आहे. फ्रान्सने 2015 साली वस्तूचे आयुष्य हेतुतः कमी करणे हा गुन्हा ठरविला. 2021 सालापासून तेथे काही वस्तूंवर, ती दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणारे दहापैकी गुण छापावे लागतात. 20 जून 2025 पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या नमुन्याच्या फोनांना, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग आणि निदान पाच वर्षे आज्ञावलीच्या सुधारणा मिळाव्यात, असा नियम आहे.

आपल्या देशातही हा विषय नवा नाही. मोटारींचे अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळत नाहीत, अशी तक्रार एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावर पुढे अपिले झाली. परंतु ग्राहकाला कारागीर निवडण्याची मोकळीक हवी, हे तत्त्व त्या निमित्ताने स्पष्टपणे मांडले गेले. 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती यंत्रे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली आहेत.

हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 साली जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी 22 टक्क्यांच्या आसपास कचराच रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आल्याची नोंद आहे. ह्या कचऱ्यात तांबे आणि सोने असते, तसेच शिसे आणि पाराही असतो. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्या गरीब माणसाच्या फुप्फुसांत त्याचे विष जाते. शिवाय एक फोन तयार करण्यासाठी खाणीतून धातू काढावे लागतात, ते शुद्ध करावे लागतात, दूरदेशी न्यावे लागतात. फोनच्या आयुष्यात जो धूर हवेत जातो, त्याचा बहुतांश तो आपल्या हाती येण्यापूर्वीच गेलेला असतो. म्हणून हाती असलेली वस्तू आणखी दोन वर्षे चालविणे, हे पृथ्वीवर केलेले लहानसहान उपकार नव्हेत.

आपल्या गावोगावच्या बाजारपेठांत आजही घड्याळे, पंखे, मिक्सर आणि फोन दुरुस्त करणारी हजारो लहान दुकाने आहेत. तेथील कारागीर बहुधा मोठ्या विद्यालयात शिकलेले नसतात. उघडून पाहणे, चुकणे आणि पुन्हा जुळविणे हीच त्यांची शाळा. यंत्राचे दार बंद झाले, तर ह्या कारागिरांची उपजीविका जाईल आणि त्यांच्याबरोबर समाजाच्या हातांतील विद्याही जाईल. यंत्र कसे चालते हे ज्याला कळत नाही आणि ते उघडण्याची ज्याला मुभा नाही, तो त्याचा धनी न राहता केवळ भाडेकरू होतो. कायदे होतील, न होतील. परंतु वस्तू विकत घेताना ‘ही किती स्वस्त?’ ह्या प्रश्नाबरोबर ‘हिची बॅटरी बदलता येईल काय? हिचे भाग मिळतील काय? हिला सुधारणा किती वर्षे मिळतील?’ हे तीन प्रश्न विचारणे आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. दुकानदाराला हे प्रश्न वारंवार ऐकू आले, तर ते कारखानदाराच्या कानांपर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाहीत.

अभ्यास

1. ‘लादलेली जीर्णता’ कोणत्या तीन वाटांनी येते? प्रत्येकीचे एक उदाहरण द्या.
2. दिव्याचे आयुष्य आणि उजेड ह्यांत तडजोड का करावी लागते?
3. आयफोनच्या प्रकरणात लेखकाच्या मते दोष कोठे होता?
4. दुरुस्तीवर निर्बंध हवेत असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे सांगून त्यांविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
5. तुमच्या गावातील एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला भेटा. कोणत्या वस्तू दुरुस्त करणे त्याला अवघड जाते व का, हे विचारून त्याची माहिती लिहा.