पत्ता बरोबर, माप चुकले!

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान हालचाल तिला टिपायची आहे. तेथे आकडा चुकून कसे चालेल? अशा नोंदी तपासणारा ‘लालसूट’ हा आज्ञावली-संच बहुतांशी ‘सी’ भाषेत आहे. त्यात दशांश संख्या दोन मापांच्या: ‘रिअल ४’ चार बाइटांची, ‘रिअल ८’ आठ बाइटांची.

आता गंमत पाहा. पॉइंटर म्हणजे स्मृतीतील जागेचा पत्ता. पण तेथून किती बाइट उचलायचे, हे पॉइंटरच्या प्रकारावरून ठरते. चार बाइटांच्या नोंदींवर आठ बाइटांचा पॉइंटर लावला, की शेजारच्या दोन संख्या मिळून भलतीच संख्या वाचली जाते! जीसीसी हा कंपायलर पूर्वी अशा वेळी नुसती ताकीद देई. २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून तो आज्ञावली नाकारतोच.

पुष्कळजण ‘कास्ट’ करून त्याचे तोंड बंद करतात. हा काही उपाय नव्हे. त्याने पाटी बदलते, आतले बाइट तेच राहतात. पॉइंटर नोंदींच्याच प्रकाराचा घ्या. आठ बाइटच हवे असतील, तर नवी यादी करून एकेक संख्या तीत उतरवा. सुट्या संख्येचे रूपांतर ‘सी’ आपण होऊन करते.