चुनखडीतला गुलाब

सोलापुरात गुलाब उन्हानं मरत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो, पाकळ्यांच्या कडा दुपारपर्यंत करपतात, फुलं आकसतात. पण झुडूप तग धरतं. त्याचा जीव जातो तो माती-पाण्यापायी, आणि त्याहून जास्त आपल्या हौसेपायी. हिवाळा लागला की रस्त्याकडेला काळ्या पिशव्यांतली कलमं येतात, प्रत्येकावर एक टपोरं फूल. आपण फूल बघून रोप घेतो. खरं तर बघायचं असतं ते खोड.

हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकच डौलदार फूल देणारा गुलाब, हा प्रदर्शनातला मानकरी. त्याला औषधं, खतं, रोजची नजर लागते. आपल्या अंगणाला खरा मानवतो तो झुडपी गुलाब: बुंध्यापासून फुटणारा, झुपक्यानं फुलणारा, चार फुलं करपली तरी सहा नवी देणारा. यात फ्लोरिबंडा आले, जुने चिनी वंशाचे आले आणि आपला गावठीही आला. चिनी रक्ताचं महत्त्व असं की युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनकडून आलेल्या झाडांनी त्यांना दिला. थंडी पडल्याशिवाय न फुलणारे गॅलिकासारखे गुलाब सोलापुरात लावणं म्हणजे निव्वळ हट्ट.

आता माती. इथली जमीन काळी किंवा मुरमाड, आणि बऱ्याच ठिकाणी खणलं की पांढरी चुनखडी लागते. डाळिंबाला ती चालते. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गुलाबाला मात्र सामू ६ ते ६.५ हवा, आणि आपल्या जमिनीचा सहसा ८च्या आसपास. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक घाईनं हिराकस टाकतात. चुन्यात ते थोड्याच दिवसांत बांधलं जातं. चिलेटेड लोह घ्यायचं तर पुडीवर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघावं. स्वस्त ‘ईडीटीए’ फवारणीला ठीक. चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही.

पाण्याची कथा याहून अवघड. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि शहरात उजनीचं पाणी कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड येत आलं आहे. मग बागेच्या वाट्याला बोअरचं खारं पाणी. त्याचा पांढरा थर कुंडीच्या कडेला दिसतो तसा मुळांशीही साचतो. काटकसरी घरांतून आणखी एक प्रकार चालतो: आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायचं. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला ते उत्तम, गुलाबाला नको. बोअरचंच पाणी द्यायचं असेल तर रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्यावं, म्हणजे क्षार खाली उतरतात. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन घालावं. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात पाचट जाळलं जातं आणि माणसं आच्छादनाला कोकोपीट विकत आणतात, याचं नवल वाटतं.

कलम घेताना खुंट, म्हणजे डोळा ज्यावर भरलाय ते मुळांचं झाड, कोणता ते विचारावं. ‘मल्टिफ्लोरा’ आम्लाकडे झुकणाऱ्या, ओलसर मातीत रमतो. अल्कधर्मी जमिनीत ‘इंडिका ओडोराटा’ जास्त टिकतो. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल तर दुसरी रोपवाटिका गाठावी.

जातींचं म्हणाल तर जर्मनीत कोर्डेस यांनी १९५८ साली आणलेला पांढरा ‘आइसबर्ग’ अजूनही पहिल्या पसंतीचा. गडद तांबडा, सुवासिक ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ त्याहून जुना, १८९७चा. ऊन त्याला सोसतं. आणि आपल्याकडचे डॉ. बेंजामिन पिअरी पाल. हा माणूस मूळचा गव्हाचा, तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या जाती शोधणारा. १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले, आणि गुलाबाचा नाद त्यांनी आयुष्यभर जपला. त्यांच्या दिल्लीतल्या या नादातून ‘बंजारन’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘मोहिनी’ असे फ्लोरिबंडा आले. भारतीय उन्हात निवडलेल्या या जाती रोपवाटिकांत मागूनही सहज मिळत नाहीत, हे आपलं करंटेपण.

हा अंक हातात पडेल तेव्हा छाटणीचे दिवस असतील. द्राक्षवाल्यांच्या ऑक्टोबर छाटणीच्याच सुमाराला गुलाबाचीही करावी. इंग्रजी पुस्तकं झाड गुडघ्यापर्यंत खाली आणायला सांगतात; ती बर्फात झोपणाऱ्या झाडांसाठी लिहिलेली आहेत. आपलं झाड पुरतं झोपतच नाही. त्याची शिल्लक त्याच्या पानांत आणि हिरव्या फांद्यांत असते. म्हणून वाळलेलं, आत वळलेलं, एकमेकांवर घासणारं काढावं आणि उंची फार तर तिसऱ्या हिश्शानं कमी करावी. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या वर, तिरका. जाड कापांना बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे कापू नयेत, मुळाशी धरून ओढून काढावेत. मग शेणखत, निंबोळी पेंड आणि पाणी. छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांत फूल येतं. ऑक्टोबरच्या मध्याला कात्री चालवली तर नाताळच्या आधी पहिला बहर, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला दुसऱ्याच्या कळ्या.

रोगांच्या बाबतीत सोलापूरकरांनी कोकणवाल्यांपुढे तक्रार करू नये. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांना तासन्‌तास ओलं पान लागतं. इथल्या कोरड्या हवेत तो त्रास पावसाळ्यापुरता. हिवाळ्यात भुरी येते, तिला पाण्यात मिसळणारं गंधक पुरतं. उन्हाळ्यात मात्र ते फवारू नये, पानं भाजतात. त्या दिवसांत लाल कोळी येतो. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी तो बराच आवरतो.

राहिला गावठी. फिकट गुलाबी, विसविशीत, फुलदाणीत दुसऱ्या दिवशी मान टाकणारा. पण वास त्याचाच, हार आणि गुलकंदही त्याचाच. दक्षिण सोलापुरात वडजीच्या बाजूला शेतकरी देशी गुलाब लावतात ते हौसेनं नव्हे, पोटासाठी. बागेत एकच गुलाब लावायची जागा असेल तर माझं मत याला. त्याला डोळा भरावा लागत नाही, खुंटाचा प्रश्नच येत नाही. शेजाऱ्यांच्या छाटणीतून पेन्सिलीएवढी जाड, वीतभर कांडी मागून घ्यावी, खालची पानं काढून दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत खोचावी आणि नवी पालवी दिसली तरी दोन महिने तिला हलवू नये.