मोटारीची खतावणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा भुसार बाजाराविषयी मी काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गहू, ज्वारी आणि तूरडाळ यांच्या तेजीमंदीविषयी आपल्या सभासदांस माझ्याइतकेच, किंबहुना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात उभी असलेली, पण खतावणीत नीटशी न उतरलेली जी एक वस्तू आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे मी योजिले आहे. ती वस्तू म्हणजे मोटारगाडी.

आमच्या लहानपणी बेळगावच्या रविवार पेठेत माल बैलगाडीने येई आणि पेढीचे मालक पायी येत. आज मालकांबरोबर चिरंजीवांची गाडी वेगळी, सूनबाईंची स्कूटर वेगळी, आणि ते योग्यही आहे. काळाबरोबर चालावयाचे तर वाहन हवेच. मौज एवढीच वाटते, की क्विंटलमागे दोन रुपयांसाठी दलालाशी अर्धा तास घासाघीस करणारा आपला व्यापारी पेट्रोल पंपावर ‘टाकी भरा’ म्हणून मोकळा होतो, आणि विम्याचा कागद तर न वाचताच तिजोरीत ठेवतो.

प्रथम हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा, गाडी दहा लाखांस घेतली, आठ वर्षे वापरली आणि तीन लाखांस विकली. म्हणजे सात लाखांचा घसारा, वर्षाला ८७,५०० रुपये. या आठ वर्षांत गाडीत सरासरी साडेसहा लाख रुपये अडकून राहिले. तेच पैसे मालात फिरले असते, तेव्हा शेकडा नऊ दराने त्यांचे व्याज ५८,५०० धरलेच पाहिजे. वर्षाला बारा हजार किलोमीटर धाव, लिटरला पंधरा किलोमीटर, म्हणजे आठशे लिटर इंधन. शंभर रुपये भावाने ८०,००० झाले. विमा २०,००० आणि दुरुस्ती, टायर, सर्व्हिसिंग मिळून २५,००० धरा. एकूण बेरीज २,७१,००० रुपये. म्हणजे एका किलोमीटरला साडेबावीस रुपयांहून थोडे अधिक पडतात.

आता हीच रक्कम आपल्या भाषेत मांडू. एखाद्या पेढीस सर्व खर्च वजा जाता क्विंटलमागे तीस रुपये सुटत असतील, तर ही एक गाडी दारात ठेवण्यासाठी नऊ हजार क्विंटल माल विकावा लागतो. शंभर क्विंटलांचा ट्रक धरला तर नव्वद ट्रक झाले! गाडी ठेवू नये असे माझे म्हणणे नाही. पण नव्वद ट्रकांचा नफा जिकडे जातो त्या खात्यावर मालकाची नजर असावी, इतकेच.

या मांडणीतून एक गोष्ट सहज ध्यानात येते. ज्याच्या भाववाढीची आपण रोज चर्चा करतो ते इंधन एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. निम्म्याहून अधिक खर्च घसारा आणि व्याज यांचा आहे, आणि तो गाडी घेण्याच्या दिवशीच ठरून जातो. म्हणून खरी बचत शोरूममध्ये होते, पंपावर नव्हे. तीच गाडी आठाऐवजी बारा वर्षे नीट राखून वापरली आणि शेवटी सव्वा लाखांस दिली, तर वार्षिक घसारा सुमारे ७३,००० वर येतो. दुरुस्ती काहीशी वाढेल हे खरे, परंतु व्याजही घटते. तीन वर्षे वापरलेली चांगली गाडी घेणारा तर पहिल्या मालकाने सोसलेल्या घसाऱ्यावर फिरतो. मात्र अशी गाडी घेतल्यास विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यावा. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे मात्र तसे नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबी, पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचे १५०० सीसीपर्यंत, ही त्याची मर्यादा आहे. मोठ्या गाड्यांस चाळीस टक्के पडतात. येथे आपल्या मंडळींचा एक समज दूर केला पाहिजे. ‘गाडी पेढीच्या नावे घेतली की कर वळता होतो’ असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. आपल्यासारख्या व्यापाऱ्यास प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि तिच्या विम्यावरील व दुरुस्तीवरील कराचीही मिळत नाही. मालवाहू टेंपोवर ती मिळते. आयकरात मोटारीवर वर्षाला पंधरा टक्के घसारा धरता येतो, परंतु तोही धंद्यासाठी जेवढा वापर असेल तेवढाच.

इंधनाविषयी थोडक्यात लिहितो. १६ जून २०१७ पासून भाव रोज ठरू लागले आणि राज्याराज्यांचा विक्रीकर वेगवेगळा असल्यामुळे आपल्या सीमाभागात एक नवीनच विद्या उदयास आली: कोठे भरावे? २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरील व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास फरक पडला होता. ते दिवस गेले, पण सवय राहिली. समजा, आज सात रुपयांचा फरक आहे आणि चाळीस लिटर भरले, तर वाचले २८० रुपये. चोर्ल्याच्या घाटाने सीमेपलीकडे जाऊन येण्यासच चार-सहा लिटर जळतात, वर अर्धा दिवस जातो. कामासाठी पणजीस गेलेल्या माणसाने येताना तेथे जरूर भरावे. भरण्यासाठी मात्र जाऊ नये. कोल्हापूरच्या रस्त्यावर तर, २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढविल्यापासून, पूर्वीइतका फरक उरलेला नाही.

चाकांतील हवा पंधरा दिवसांनी पाहणे, ताशी पन्नासच्या आसपास स्थिर वेग ठेवणे, हुंडेकऱ्याच्या दारात गाडी चालू ठेवून गप्पा न मारणे, ही सूत्रे सर्वांस पाठ आहेत. पाळली जात नाहीत एवढेच. आपल्या धंद्यास विशेष लागू अशी एक बाब आहे ती म्हणजे एअर फिल्टर. मार्केट यार्डातील कोंडा, भुसा आणि धूळ यांत उभी राहणारी गाडी आणि कॉलेजच्या आवारात उभी राहणारी गाडी यांची तुलना होऊ शकत नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली मुदत स्वच्छ हवेसाठी आहे. यार्डातल्या गाडीचा फिल्टर त्याच्या निम्म्या अवधीत काढून पाहावा. तसेच गोदामाच्या भिंतीला लागून रात्री गाडी ठेवू नये. धान्याला सोकावलेले उंदीर वायरींनाही दात लावतात, आणि ती दुरुस्ती स्वस्त नसते.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि दहा टक्के मिश्रणास जुळविलेल्या मोटारींत यामुळे सहा ते सात टक्के इंधन अधिक लागेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला होता. वीस टक्क्यांस जुळविलेल्या नव्या गाड्यांत ही घट एक-दोन टक्केच सांगितली आहे. जुन्या गाडीचा हिशेब मांडताना आठशे लिटरांवर पन्नासएक लिटर जादा धरावेत. जाता जाता एक नमूद करतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि आसवन्या मक्याकडे वळल्या. पुढे मक्याचे भाव कसे चढले हे भुसार व्यापाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. पंपावर गेलेले आपले पैसे कोणाच्या तरी मक्याच्या पट्टीत जमा होत आहेत, हे समाधान ज्याचे त्याने मानावे.

आता विम्याकडे वळू, कारण खरी उधळपट्टी आणि खरा धोका, दोन्ही तेथेच आहेत. विम्याच्या हप्त्यात दोन भाग असतात. तृतीय पक्षाचा हप्ता सरकार ठरविते. तो सर्व कंपन्यांत सारखाच. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या मोटारीस २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ असे वार्षिक दर होते, व विजेच्या मोटारीस पंधरा टक्के सूट होती. येथे भाव करण्यात अर्थ नाही. दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. तो २००७ पासून खुला आहे, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या मागणीत हजारो रुपयांचा फरक पडू शकतो. सप्टेंबर २०१९ पासून हा भाग वेगळ्या कंपनीकडून घेण्याचीही मुभा आहे. भाव करावयाचा तो येथे.

या दुसऱ्या भागावरच ‘नो क्लेम बोनस’ मिळतो: पहिले वर्ष दाव्याविना गेल्यास वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षानंतर पन्नास. त्याची खरी किंमत पाहू. मूळ हप्ता दहा हजार असेल तर पन्नास टक्केवाल्यास पाच हजारच भरावे लागतात. त्याने एक दावा केला की पुढील वर्षी पूर्ण दहा हजार, मग आठ, साडेसात, साडेसहा आणि साडेपाच हजार. सहाव्या वर्षी तो पूर्वपदावर येतो. जादा भरलेल्या रकमेची बेरीज साडेबारा हजार होते. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून थोडे कमी धरा. तरीही बंपरच्या सहा-सात हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा करणारा माणूस कंपनीवर उपकारच करतो!

हा बोनस गाडीचा नसून विमा उतरविणाऱ्याचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसे पत्र घ्यावे. नव्या गाडीस तीन वर्षांपर्यंत तो लावता येतो. वडिलांनी आपल्या हयातीत गाडी चिरंजीवांच्या नावे केली तर बोनस वडिलांकडेच राहतो, मुलास शून्यापासून आरंभ करावा लागतो. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास जमलेला सर्व बोनस जातो. एका घरात दोन-तीन वाहने एकाच्याच नावे असतील, तर मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा प्रत्येक वाहनावर घेण्याची जरूर नाही. जानेवारी २०१९ पासून एकच स्वतंत्र पॉलिसी पुरते. उलट गाडी पेढीच्या नावे असेल तर हा विमा तिच्यावर येतच नाही, आणि भागीदाराने स्वतःची सोय वेगळी केली पाहिजे. ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते.

काही काटकसरी मात्र विषासारख्या आहेत. हप्ता कमी व्हावा म्हणून गाडीची विमा-किंमत खाली लिहवून घेणे, ही त्यांतली एक. चोरी झाली वा गाडी पूर्ण निकामी झाली, तर लिहिलेली तेवढीच रक्कम हाती येते. दुसरी काटकसर आपल्याच धंद्यातील. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत स्पष्ट अट असते, की वानगी आणि प्रवाशाचे सामान यांखेरीज माल वाहून नेता येणार नाही. म्हणजे दलालाने आणलेल्या गव्हाच्या वानगीच्या पिशव्या चालतील. मागची बैठक पाडून ठेवलेली तूरडाळीची सहा पोती चालणार नाहीत. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने टेंपोचे आठशे रुपये भाडे वाचविण्यासाठी असे केले आणि वाटेत गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. पोती सर्वेक्षकाच्या छायाचित्रांत आली, आणि लाखाच्या वर गेलेले दुरुस्तीचे बिल त्या गृहस्थांस घरून द्यावे लागले.

तिसरी काटकसर म्हणजे तृतीय पक्षाचा विमा संपू देणे. दंड पहिल्या वेळी दोन हजारांचा आहे, म्हणून कित्येकांस ही क्षुल्लक बाब वाटते. परंतु विमा नसताना गाडीखाली एखादा कर्ता माणूस गेला, तर न्यायाधिकरण त्याच्या उरलेल्या कमाईच्या वर्षांचा हिशेब करते, आणि ती रक्कम मालकाच्या मिळकतीतून वसूल होते. पेढी व्यक्तिगत मालकीची असेल तर गोदामातील मालही त्यात आला. तीन पिढ्यांची पेढी अशा एका निकालाने डळमळू शकते.

सीमाभागातील आणखी एक युक्ती म्हणजे नोंदणीचा कर वाचावा म्हणून नातेवाइकाच्या पत्त्यावर गोव्यात गाडी नोंदविणे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीस तेथील नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि कर्नाटकाचा कर तेव्हा भरावाच लागतो. तोवर प्रत्येक नाक्यावर कागद दाखवीत फिरावयाचे, ते निराळेच.

यंदाच्या दिवाळीत वहीपूजनानंतर नव्या खतावणीत मोटारीचे एक पान स्वतंत्र काढावे. वर गाडीचा क्रमांक, विमा संपण्याची तारीख आणि बोनसची टक्केवारी लिहावी. खाली इंधनाचे लिटर आणि मीटरचा आकडा भरतेवेळीच मांडावा. आमच्या पेढीत हे काम मुनीमजींकडे आहे, आणि गेल्या साली एका गाडीचे मायलेज लिटरमागे दोन किलोमीटरांनी घसरल्याचे त्यांनीच त्या पानावरून प्रथम दाखवून दिले. फिल्टर कोंड्याने भरला होता.