थायरॉइडला घाई चालत नाही

मुंबई, गोवा, कोलकाता अशा देशातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासून केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. जवळजवळ ११ टक्के लोकांची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली आढळली आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. हे वाचल्यावर सगळ्यांनी उद्याच प्रयोगशाळा गाठावी असे वाटणे साहजिक आहे. पण याखेरीज आणखी सुमारे ८ टक्के लोक सीमारेषेवरचे होते. त्यांच्या थायरॉइडच्या संप्रेरकाची पातळी ठीक होती, फक्त तिला कामाला लावणारे टीएसएच चढलेले होते, आणि अशांपैकी अनेकांना गोळीची गरज नसते. म्हणजे एकीकडे खरा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो, तर दुसरीकडे ‘फुल बॉडी चेकअप’च्या अहवालातला ठळक छापलेला एक आकडा पाहून न जडलेल्या आजारावर औषध सुरू होते. या दोन्ही चुकांचे मूळ मला एकच दिसते: थायरॉइडचा सगळा कारभार संथ आहे आणि आपण त्याच्याकडे घाईघाईने बघतो.

मानेत पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली बसलेली ही जेमतेम वीस ग्रॅमची ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके बनवते. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी किती वेगाने काम करणार, हे त्यांच्यावर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाला लावते. नोकर जितका सुस्त, तितक्या मोठ्याने मालकाच्या हाका; म्हणून थायरॉइड मंदावली की टीएसएच वाढते. रक्तातले टी-४ निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे इथे कोणताही बदल एका रात्रीत दिसत नाही. बिघाडही तसाच हळू होतो. आयोडीन पुरेसे मिळते तिथे त्याचे आज सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णिलेला विकार. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिची हळूहळू नासधूस करते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे कितीतरी जास्त घडते. मग आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग काय, असे कुणी विचारील. गलगंडावर तो मोठाच झाला. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला, आणि १९६२ पासून देशात त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. हाशिमोतोचा विकार आयोडीनच्या अभावाने होत नाही, एवढेच. तेव्हा घरातले साधे मीठ बंद करून आयोडीन नसलेले सैंधव वापरणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

हा आजार लपतो तो लक्षणांच्या साधेपणामुळे. ताप नाही, दुखत-खुपत नाही. थकवा येतो, थंडी सोसवत नाही, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, आवाज जडावतो, पाळीत रक्तस्राव वाढतो, विसराळूपणा आणि उदासी येते. यांतले एकही लक्षण फक्त थायरॉइडचे नाही. म्हणून केसांना तेल, पोटाला चूर्ण, थकव्याला लोहाच्या गोळ्या असे सुटे उपाय चालू राहतात आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतात. दरम्यान आत वाईट कोलेस्टेरॉल वाढते, नाडी मंदावते, गर्भधारणेत अडथळे येतात. वजनाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. मंद थायरॉइडमुळे वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोंचे असते आणि त्यातला बराचसा भाग क्षार व पाण्याचा. वीस किलोंचा दोष या बिचाऱ्या ग्रंथीवर ढकलता येत नाही.

आता सीमारेषेवरच्यांचा प्रश्न. टी-४ ठीक आहे, टीएसएच किंचित वर आहे. मग एक छोटी गोळी घेतली तर बिघडले कुठे, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण टीएसएच रात्री वाढते, आजारपणात हलते, वयानुसार थोडे चढते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तर अनेकांचे ते आपोआप खाली आलेले दिसते. असे सौम्य चढ असलेल्या ६५ वर्षांवरील सातशेहून अधिक लोकांवर युरोपात झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली आला: खरी गोळी घेणाऱ्यांचा थकवा नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला नाही. शिवाय मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली, तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. टीएसएच दहाच्या वर टिकून असेल, ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली असतील किंवा मूल हवे असेल, तर हिशेब बदलतो, आणि तो डॉक्टरांबरोबर बसूनच करावा लागतो.

ज्यांना गोळी खरोखर हवी, त्यांचा आक्षेप वेगळा असतो: जन्मभराची सवय लागेल. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी या आजाराने जर्जर झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आजची लिव्होथायरॉक्सिनची गोळी त्याच तत्त्वावर चालते. जे शरीरात बनायला हवे होते आणि बनत नाही, तेच ती पुरवते. त्याला सवय म्हणणे मला पटत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. (महाराष्ट्रात हाच सर्वांत अवघड भाग असावा.) लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी घ्याव्यात. मात्रा बरोबर आहे का, हे सहा ते आठ आठवड्यांनी कळते. पंधरा दिवसांत बरे वाटले नाही म्हणून गोळी सोडणे आणि बरे वाटले म्हणून सोडणे, दोन्ही सारखेच चुकीचे. टीएसएच जागेवर येऊनही थकवा उरला, तर रक्तक्षय, झोप, बी-१२ आणि मनःस्थिती यांकडे बघावे. मात्रा वाढवत नेऊन तो जात नाही.

दोन प्रसंगी मात्र थांबून चालत नाही. पहिला गरोदरपणाचा. सुरुवातीचे चार-पाच महिने बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते, त्यामुळे आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना गाठून मात्रा वाढवायची का ते विचारायला हवे. दुसरा नवजात बाळाचा. हजारएक बाळांत एखादे जन्मतःच मंद थायरॉइडचे असते आणि बहुधा अगदी निरोगी दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर त्याची वाढ सहसा इतर मुलांसारखीच होते. काही महिने गेले तर बुद्धीची झालेली हानी भरून येत नाही. आपल्याकडे ही तपासणी सर्वत्र सक्तीची नाही. जन्मानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब तिला पुरतात, आणि आई-वडील ती स्वतःहून मागून घेऊ शकतात.