अलक्ष्मी जाते कोठे?

आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री सूप वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याची आपली रीत जुनी आहे. पण घालविलेली अलक्ष्मी जाते कोठे? गोंदिया जिल्ह्यात उत्तर दूर शोधावयास नको : गावामागच्या उकिरड्यावर, आणि तेथून पावसाबरोबर मामा तलावात.

यंदाच्या झाडलोटीत विजेरीचे, घड्याळाचे, रिमोटचे विझलेले सेल निघालेच असतील. त्यांस निर्जीव समजू नये. साध्या सेलाचे बाहेरचे पात्र जस्ताचे, मध्ये कोळशाची कांडी आणि भोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी. या भुकटीचे खनिज शेजारीच, भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघते व सेलांच्या उद्योगास जाते. १ मे १९९९ पर्यंत तर आपण त्याच जिल्ह्यात होतो.

जस्ताची कथा आणखी जुनी. कीर्तनकाराने धातुशास्त्रात शिरू नये, असे कोणी म्हणेल. परंतु तेराव्या शतकाच्या सुमाराचा ‘रसरत्नसमुच्चय’ संस्कृतातच आहे, तेवढा अधिकार मला पुरे. खर्परापासून जस्त काढण्याची कृती त्यात सांगितली आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळून वाफ होते. ती वाफ निसटू न देता बंद मुशीतून खाली उतरवून थंड करावी लागे. राजस्थानात जावर येथे अशा वापरलेल्या मुशींचे ढीग आजही आहेत. इतक्या सायासाने मिळविलेला धातू आपण राखेत फेकतो! कारखान्यात सेल दळून जस्त, मँगनीज व पोलाद पुन्हा वेगळे काढता येते. अंगणात मात्र सेल फोडू नये, चुलीत तर टाकूच नये, तो फुटतो.

मंडईच्या जत्रेतली लुकलुकती खेळणी आणि सेलवरच्या पणत्या यांत बटणाएवढे सेल असतात. ते मूल गिळू शकते. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांतही गंभीर इजा करतो. शंका येताच रुग्णालय गाठावे.

भंगारवाला वाहनाची शिशाची बॅटरी हसत नेतो, कारण तिला भाव आहे. लहान सेलाकडे तो पाहतही नाही. २००१ च्या नियमांतही शिशाचीच तेवढी दखल होती. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत घेतल्या, गोळा करून पुनर्वापरास धाडण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळण्याचे ग्राहकांवर. नियम उत्तम, पण सालेकसा-देवरीच्या खेड्यात उत्पादक म्हणून कोणाचे दार ठोठवावे? तेथे ओळखीचा असतो तो किराणा दुकानदार. त्याच्याकडे माल पोचवून रिकामी परतणारी गाडी गोंदियापर्यंत डबाभर सेल सहज नेईल. एकटा सेल कोणी नेणार नाही.

तोवर सेल कोरड्या प्लॅस्टिकच्या बरणीत, मुलांपासून दूर साठवावेत. बटणसेल व लिथियमच्या सेलांची टोके चिकटपट्टीने झाकावीत. घरगुती घातक कचऱ्याच्या संकलनकेंद्राचे कर्तव्य २०१६ च्या नियमांनीच स्थानिक संस्थांवर घातले होते. आपल्या गावचे केंद्र नेमके कोठे आहे, हे ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत पाडव्यानंतर कचेऱ्या उघडताच विचारावे.